मदतीचा फोन आणि "तुम्ही नक्की कुठे आहात?"

चाकोरी
मंडळी, महामार्गाच्या कडेला ठरावीक अंतरावर एसओएस लिहिलेला पिवळा किंवा केशरी डबा, म्हणजे मदतीचा फोन असतो ना, हा धागा त्याच्याबद्दल. आपण त्याच्याजवळून शेकडो वेळा जातो, थांबत कधीच नाही. मीही नव्हतो थांबलो.

रात्री दीडला गाडी चालता चालता मेली. आधी दिवे मंदावले, मग डॅशबोर्डवर सगळी लाल रोषणाई, मग काहीच नाही. उतार होता म्हणून कशीबशी शोल्डरवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर घेतली. मोबाइलवर ३४ टक्के बॅटरी, रेंजच्या दोन काड्या. मदत क्रमांक लावला.

"कुठे आहात?"
"हायवेवर."
"कितव्या किलोमीटरला?"

इथे माझी दांडी गुल. मागे गेलेल्या टोलनाक्याचं नाव सांगितलं, तर तो अर्ध्या तासापूर्वीचा. नकाशावरचा निळा ठिपका म्हणाल तर दुभाजकावर आरामात बसलेला, दोन्ही बाजूंना समान न्याय. शेवटी क्रेन आली ती पलीकडच्या बाजूला. चालकाने हात केला, मी हात केला आणि तो पुढे निघून गेला, कारण वळायला जागा थेट पुढच्या इंटरचेंजला. तो जो गेला तो गेलाच.

मग टॉर्चच्या उजेडात मागे दोनेकशे पावलांवर डबा दिसला. बटण दाबलं. समोरच्या बाईंनी आधी डब्याचा नंबर वाचला, मग मी कुठल्या दिशेला जातोय ते सांगितलं आणि विचारलं, "काय झालंय?" कुठे आहात हा प्रश्नच नाही!

तेव्हापासून डोक्यात आहे. सगळे म्हणतात, मोबाइल आल्यावर हे डबे म्हणजे अडगळ. तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी खरंच वापरलाय का?

शंकासुर
अडगळच आहे. तुमचा अनुभव वाईट, मान्य, पण त्यातून निघतं एवढंच की तुम्हाला किलोमीटरचा दगड वाचायची सवय नाही. (मलाही नाही, ते सोडा.) हल्ली त्या डब्यातही सिमच असतं. माझ्या मोबाइलला रेंज नाही तिथे डब्याला कुठून येणार? त्यापेक्षा त्याच पैशात टॉवर उभारा, सगळ्यांचं भलं.

उनाड_चाक
मी एकदा उघडून बघितला होता. आत गांधीलमाशांचं पोळं. मदत मागायची सोडून मदत लागायची वेळ आली. 😄

रातपाळी
चाकोरी, तुमच्याशी बोललेल्या बाई मी नव्हे, पण असू शकले असते. महामार्गाच्या कंट्रोल रूममध्ये सात वर्षं रात्रपाळी केली आहे. त्यामुळे थोडं लांबण लावते.

मोबाइलवरून फोन आला की पहिली पाच मिनिटं जागा शोधण्यात जातात. लोक काय काय सांगतात! "एक मोठं झाड आहे." "समोर ट्रक उभा आहे." "आत्ताच एक पूल गेला." एक गृहस्थ मला दहा मिनिटं चंद्र कुठल्या बाजूला आहे ते सांगत होते. हसू नका, माणूस घाबरलेला असतो. रस्त्यावर दर ठरावीक अंतराला किलोमीटर लिहिलेला असतो, पण तो वाचायला गाडीतून उतरून चालावं लागतं, आणि अंधारात ते सुचत नाही.

डब्यावरून फोन आला की माझ्या पडद्यावर तो डबा लाल होऊन लुकलुकतो. चेनेज (म्हणजे कितवा किलोमीटर), बाजू, जवळचा कॅमेरा कोणता, सगळं समोर. तोंडातून शब्द फुटला नाही तरी चालतं. आमच्याकडे नियमच होता: फोन उघडला, नुसता वाहनांचा आवाज येतोय, कुणी बोलत नाही, तरी पेट्रोलिंगची गाडी पाठवायची. नव्वद टक्के वेळा पोरं खेळत असायची किंवा कुणी "पुढचा पंप किती लांब?" विचारायला बटण दाबून मग लाजून ठेवून दिलेलं असायचं. उरलेल्या वेळांबद्दल इथे नको.

शंकासुर, दगड वाचायची सवय कुणालाच नसते हो. म्हणून तर डबा लागतो.

तारवाला
रातपाळीताईंनी मर्मावर बोट ठेवलं. हा फोन बोलण्यासाठी कमी आणि *पत्ता सांगण्यासाठी* जास्त आहे. आम्ही जुने लोक, तांब्याच्या तारांच्या काळातले. तेव्हाचा डबा म्हणजे अगदी बाळबोध वस्तू. डायल नाही, बटण नाही, डब्याला स्वतःची वीज नाही. तारांची एक जोडी थेट कंट्रोल रूमपर्यंत. रिसीव्हर उचलला की सर्किट पुरं व्हायचं, तिकडच्या ४८ व्होल्टवर प्रवाह सुरू व्हायचा आणि बोर्डावर त्याच डब्याचा दिवा लागायचा. जागा कळायची कारण तार दुसरीकडे कुठे जातच नव्हती. उपग्रह नको, काही नको.

दुखणं एकच, तांबं. रस्त्याकडेला मैलोनमैल पुरलेलं तांबं म्हणजे चोरांसाठी उघडी तिजोरी. एका रात्रीत ओळीने डबे मुके व्हायचे. मग सौर पॅनेल, बॅटरी आणि मोबाइल मॉडेम आलं. कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून असे सौर डबे बसवले, आणि त्यासाठी वाहन नोंदणीमागे वर्षाला एक डॉलर वेगळा घेतला जायचा. त्यांची क्रमांकाची पद्धत मला फार आवडते: डब्यावर जिल्ह्याची अक्षरं, रस्त्याचा क्रमांक आणि मैलाचा आकडा. म्हणजे डब्याचं नाव हाच डब्याचा पत्ता.

आता शंकासुरांचा रेंजचा मुद्दा. डब्यातही सिम असतं हे खरं. पण तुमचा मोबाइल खिशात, गाडीच्या पत्र्याआड असतो. डब्याचा अँटेना खांबाच्या टोकाला, एका ठिकाणी पक्का, आणि सिग्नल मोजून जागा ठरवलेली. तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. जिथे तेही जमत नाही तिथे ऑप्टिकल फायबर टाकतात. फायबरमध्ये तांबं नसतं, त्यामुळे चोरालाही रस नसतो. (तरी खणून बघतातच, हे वेगळं.)

शंकासुर
काका, अँटेनाचं पटलं. पण मग तुमचा डबाही मोबाइल कंपनीच्या मर्जीवरच की! अमेरिकेत २०२२ साली थ्रीजी बंद झालं, तेव्हा थ्रीजीवर चालणाऱ्या असल्या सगळ्या यंत्रांची मॉडेम बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्यांनी बदलली नसतील त्यांचे डबे नुसते रंगवलेले खांब.

तारवाला
शंभर टक्के बरोबर. तांब्याची जोडी साठ वर्षं तशीच चालायची. मॉडेम दहा वर्षांत म्हातारं होतं.

मुळाक्षर
इतिहासात थोडं मागे जाऊ का? ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशनने पहिल्या महायुद्धाच्या आधीच रस्त्याकडेला लाकडी चौक्या उभ्या केल्या होत्या. पुढे त्यांत फोन आले. पण त्यांना कुलूप असायचं आणि किल्ली फक्त सभासदांकडे. म्हणजे वर्गणी भरली असेल तर संकट, नाहीतर नुसती गैरसोय. मोबाइल घरोघर झाल्यावर २००२ साली ते फोन बंद झाले.

खरी गोष्ट जर्मनीची आहे. ३ मे १९६९ रोजी स्टुटगार्टजवळच्या विनेंडन गावात ब्यॉर्न श्टायगर नावाचा आठ वर्षांचा मुलगा पोहून घरी येताना गाडीखाली आला. लोकांनी लगेच फोन केले. रुग्णवाहिका यायला जवळजवळ तास लागला. मुलगा जखमांनी गेला नाही, वाट बघण्यात आलेल्या शॉकने गेला.

आईवडिलांनी, ऊटे आणि सीगफ्रीड श्टायगर यांनी, दोनच महिन्यांत, ७ जुलैला, त्याच्या नावाने संस्था काढली. मोटरवेवर म्हणजे ऑटोबानवर फोन आधीपासून होते, पण साध्या रस्त्यांवर काहीच नव्हतं. या संस्थेने त्या रस्त्यांवर सुमारे ७,००० फोन उभे केले. शिवाय ११० आणि ११२ हे मदतीचे क्रमांक देशभर एकच असावेत म्हणून सरकारच्या मागे लागले. १९७३ साली तसं ठरलं.

मला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? त्या दिवशी फोन नव्हता असं नाही. फोन *झाला होता*. कमी पडलं ते त्याच्या पलीकडचं सगळं. तरीही आईबापांना हात घालता येईल अशी वस्तू कोणती, तर खांब. खांब पुरता येतो.

मोबाइल आल्यावर संस्थेचे ते फोन उतरवण्यात आले. ऑटोबानवरचे मात्र अजून आहेत, साधारण दर दोन किलोमीटरवर.

रातपाळी
मुळाक्षर, हे माहीत नव्हतं. वाचून थोडा वेळ गप्प बसले.

शांतारव
मला जन्मापासून ऐकू येत नाही. वरचे सगळे प्रतिसाद "बोलायचं", "आवाज", "तोंडातून शब्द" यांवर चाललेत म्हणून लिहितोय. माझ्यासाठी एसओएस डबा म्हणजे बटण असलेली भिंत. दाबलं की पलीकडून काहीतरी येतं एवढंच कळतं, कारण जाळीवर हात ठेवला की थरथर लागते. मदत निघाली की नाही, काही पत्ता नाही.

कॅलिफोर्नियात कित्येक डब्यांना टाइप करायची सोय दिली होती. इतकंही नको. दोन दिवे पुरतील: एक "तुमचा फोन लागला", दुसरा "मदत निघाली". मग मी निवांत कठड्यापलीकडे जाऊन उभा राहीन. मोबाइलवर मेसेजने मदत मागता येते तिथे मी मोबाइलच वापरेन, शंकासुरांच्या बाजूने एक मत माझं.

रातपाळी
शांतारव, न बोलणाऱ्या फोनला गाडी पाठवायचा नियम आमच्याकडे होता, पण तुम्हाला ते कळणार कसं, हा विचार सात वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही. दोन दिवे. खरंच.

भुयारी
बोगद्यांत काम करतो. उघड्या रस्त्यावर तुमचा वाद चालू द्या, बोगद्यात वाद नाही. उपग्रह आत पोचत नाही, त्यामुळे मोबाइलला जागा सांगता येतेच असं नाही.

२४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात ट्रक पेटला. मैदा आणि मार्जरीन होतं त्यात, म्हणजे यादीत कुणी धोकादायक माल म्हणणार नाही असं. आग दोन दिवसांहून जास्त धुमसली, ३९ जण गेले. बोगदा ११.६ किलोमीटरचा, पुन्हा उघडायला २००२ उजाडलं. त्यानंतर २००४ साली युरोपीय संघाने बोगद्यांसाठी नियम केले. नव्या बोगद्यात जास्तीत जास्त १५० मीटरवर आपत्कालीन स्थानक, आत एक फोन आणि दोन अग्निशामक. जुन्या बोगद्यांना २५० मीटरची सूट. जपानमध्येही बाहेर एक किलोमीटरला फोन आणि बोगद्यात २०० मीटरला.

एक बारीक गोष्ट, पण जीव वाचवणारी. त्या स्थानकाला कधीकधी दार असतं, आत शिरलं की वाहनांचा आणि पंख्यांचा आवाज कमी होतो. लोकांना वाटतं, सुरक्षित जागा मिळाली. नाही! ती खोली फक्त ऐकू यावं म्हणून आहे. आगीपासून ती वाचवत नाही, आणि तसं तिथे लिहिणं युरोपात बंधनकारक आहे. बोगद्यात आग असेल तर फोन करा आणि बाहेर पडायच्या दाराकडे निघा. तिथे बसून राहू नका.

उनाड_चाक
बाप रे. मी आजवर त्या दारांना मीटरची खोली समजत होतो.

मीना_क
मला एक भाबडा प्रश्न आहे. डबा दोन किलोमीटरवर असेल आणि गाडी मधेच बंद पडली, तर रात्री शोल्डरवरून चालत जायचं? बाई माणसाने, एकटीने, लहान मुलाला घेऊन? मला तरी हा उपाय मदतीपेक्षा जास्त भीतीचा वाटतो.

रातपाळी
मीनाताई, भाबडा नाही, हाच खरा प्रश्न आहे. डब्यांच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा शंकासुरांनी मांडला नाही, तुम्ही मांडलात.

हिशोब असा. दोन किलोमीटरवर डबे असतील तर जवळचा डबा फार तर एक किलोमीटर, सरासरी अर्धा. पण कुठल्या बाजूला जवळ आहे ते कळलं तर! चुकीच्या दिशेला निघालात तर पावणेदोन किलोमीटरही चालाल. ८० च्या वेगातला ट्रक सेकंदाला २२ मीटर सरकतो. एक डुलकी, आणि तो शोल्डरवर असतो.

यासाठी बऱ्याच देशांत कडेच्या छोट्या खुंट्यांवर बाण असतो. ब्रिटनमध्ये या खुंट्या दर १०० मीटरला आहेत, जर्मनीतही काळा बाण असतो. बाण जवळच्या डब्याकडे दाखवतो. आता वाचलंत, तर पुढच्या प्रवासात बघा, दिसायला लागतील. खालचं मात्र कुठल्याही देशात तेच:

रहदारीच्या बाजूचं दार उघडायचं नाही, कडेच्या दाराने उतरायचं. कठडा असेल तर त्याच्या पलीकडून चालायचं. समोर पलीकडच्या बाजूला डबा जवळ दिसला तरी रस्ता ओलांडायचा नाही, डबे दोन्ही बाजूंना त्यासाठीच असतात. बोलताना तोंड येणाऱ्या वाहनांकडे ठेवायचं, पाठ नाही. एकटी असाल तर तसं स्पष्ट सांगायचं, आम्ही तो फोन वरती घेतो. आणि मोबाइल चालू असेल, किलोमीटर दिसत असेल, तर चालायचंच कशाला? कठड्यापलीकडून मोबाइलच लावा. मी डब्याची भक्त नाही.

शंकासुर
हे माझ्याच तोंडचं वाक्य झालं, ताई. आणि आता पत्ता तरी मोबाइलला कुठे कळत नाही? आपत्कालीन क्रमांक फिरवला की फोन स्वतःहून जागा पाठवतो अशी सोय ब्रिटनमध्ये २०१४ पासून आहे. युरोपात ३१ मार्च २०१८ नंतर मान्यता मिळालेल्या नव्या मॉडेलच्या गाड्यांत ईकॉल सक्तीचं आहे. एअरबॅग उघडली की गाडीच ११२ ला फोन करते. जागा पाठवते, *दिशाही* पाठवते. चाकोरींची क्रेन पलीकडे गेली नसती.

तारवाला
ईकॉल उत्तमच. पण एअरबॅग उघडल्यावर तो आपोआप. इंजिनाचा पट्टा तुटून गाडी मेली तर कुणीतरी बटण दाबावं लागतं, आणि पंक्चरसाठी ११२ ची लाइन अडवायची नसते. शिवाय आजवरच्या बहुतेक गाड्यांत तोही टूजी-थ्रीजीवर उभा आहे, म्हणजे मघाचाच रोग. आणि रस्त्यावरच्या वीस वर्षं जुन्या टेम्पोचं काय? डब्याला गाडीचं वय विचारावं लागत नाही.

इंग्लंडमधली गंमत बघा. स्मार्ट मोटरवे म्हणून काही ठिकाणी शोल्डरच काढून टाकला, तिथेही वाहनं धावतात. थांबायला ठरावीक अंतरावर केशरी रंगाच्या जागा केल्या. तिथे काय ठेवलं? फोन. त्या रस्त्यांवरून इतका गदारोळ झाला की २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने नवे स्मार्ट मोटरवे करायचं रद्द केलं. डब्यापेक्षा थांबायला जागा असणं मोठं, हे त्यातून मला दिसतं.

मीना_क
आणि डबा बंद असेल तर? चालत गेले, बटण दाबलं, शांतता. मग?

रातपाळी
त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. बंद डबा हा नसलेल्या डब्यापेक्षा वाईट. नसता तर तुम्ही गाडीजवळच दुसरं काहीतरी केलं असतं. त्याच्या आशेवर अर्धा किलोमीटर अंधारात चाललात. नवे डबे रोज स्वतःची तपासणी करून कंट्रोल रूमला हजेरी देतात. बॅटरी उतरली, दार उघडं राहिलं, सगळं कळतं. कळल्यावर माणूस पाठवायला हवा, तिथे गाडं अडतं. निदान गोणपाट तरी घाला त्यावर, लांबून दिसेल असं. आम्ही घालायचो. वरिष्ठांना आवडायचं नाही, रस्ता वाईट दिसतो म्हणे.

चाकोरी
सगळ्यांचे आभार, विशेषतः रातपाळीताई आणि तारवाले काका. मी आता गाडी चालवताना दर वेळी किलोमीटर मनात म्हणतो. बायको म्हणते, जप चाललाय.

शंकासुर
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. परवा लांबचा प्रवास झाला. मागच्या सीटवर मुलगी कंटाळली होती, तिला डबे मोजायला बसवलं. ४१ भरले. खुंटीवरचे बाणही सापडले, ती खूश. ४१ पैकी तिघांवर गोणपाट होतं.

रातपाळी
वा! मग कळवलंत का? त्या तिघांचे किलोमीटर द्या, मदत क्रमांकावर नोंद घेतात.

शंकासुर
ताई, तेवढं नाही बघितलं. एक होता पूल गेल्यानंतर. त्याच्याजवळ एक मोठं झाड होतं.